दार ठोठावणाऱ्यांचे वाङ्मय

धर्मप्रसारक ही व्यक्तिरेखा वाङ्मयात आली की तिच्या वाट्याला बहुधा दोनच भूमिका येतात. लिहिणारा तिच्या श्रद्धेचा असेल तर ती संत होते. परका असेल तर ती भोंदू ठरते, नाहीतर सत्तेची हस्तक. आमच्या समाजाच्या कपाटातील चरित्रग्रंथ, सुवर्णमहोत्सवी स्मरणिका आणि मृत्युलेख चाळले तर त्यांपैकी पहिल्या भूमिकेचेच दर्शन घडते. अमुक फादर अमुक साली आले, त्यांनी इतकी प्रार्थनामंदिरे बांधली, इतक्या शाळा काढल्या, इतक्यांना स्नानसंस्कार दिला आणि अखेर ते प्रभूच्या घरी गेले. या नोंदी खऱ्या असतात आणि कृतज्ञतेने केलेल्या असतात. परंतु ज्या दिवशी काहीच घडले नाही, कोणी दार उघडले नाही, ऐनवेळी परभाषेतील शब्द आठवला नाही आणि सोबतच्या माणसाचे तोंड पाहण्याचीही इच्छा उरली नाही, त्या दिवसाचे काय झाले, हे त्यांत सापडत नाही. वास्तविक धर्मप्रसारकाच्या आयुष्यात असे दिवसच संख्येने अधिक असतात.

या रिकाम्या दिवसाला वाङ्मयात जागा मिळू शकते काय, या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही येथे एका दूरच्या वाङ्मयाकडे वळत आहोत. मॉर्मन पंथाचे विशीच्या उंबरठ्यावरील तरुण प्रचारक परदेशात जी दोन वर्षे काढतात, त्यांवर गेल्या पंचवीस वर्षांत अमेरिकेत चित्रपट, संगीतनाट्य, कादंबरी आणि आत्मकथन अशा निरनिराळ्या रूपांत बरीच निर्मिती झाली आहे. त्यांतील पाच कृतींचा हा परामर्श आहे. आमची कसोटी साधी आहे. दार ठोठावणाऱ्याची कथा सांगताना लेखकाने दार उघडणाऱ्यालाही चेहरा दिला आहे काय?

प्रथम थोडी पार्श्वभूमी. 'मॉर्मन' हे इतरांनी रूढ केलेले नाव होय. जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्यात स्थापिलेल्या या मंडळीच्या आजच्या पूर्ण नावाचा अर्थ 'अंतिम काळातील संतांची येशू ख्रिस्ताची मंडळी' असा होतो, आणि २०१८ साली तिच्या अध्यक्षांनी या पूर्ण नावाचाच आग्रह धरला. चर्चेतील बहुतेक कृती त्याआधीच्या असल्याने आम्ही जुनेच नाव वापरीत आहोत. त्यात अनादर नाही. बायबलच्या जोडीने हे लोक 'मॉर्मनचा ग्रंथ' पवित्र मानतात. परमेश्वराच्या त्रैक्याविषयीची त्यांची शिकवण आपल्याहून मुळातच भिन्न आहे, आणि २००१ साली व्हॅटिकनने त्यांचा बाप्तिस्मा ग्राह्य नसल्याचा निर्णय दिला. हा भेद झाकण्याचे कारण नाही, आणि वाङ्मयाची चर्चा करताना तो उगाळण्याचेही प्रयोजन नाही.

या तरुणांचा दिनक्रम मात्र वाचकांनी समजून घेतला पाहिजे, कारण या साऱ्या वाङ्मयाची सामग्री तीच आहे. मुलांनी दोन वर्षे आणि मुलींनी दीड वर्ष प्रचारकार्यास द्यावे अशी व्यवस्था आहे. मुलांच्या बाबतीत ती कर्तव्यच समजली जाते. २०१२ पर्यंत त्यासाठी मुलांचे किमान वय १९ आणि मुलींचे २१ होते. त्या वर्षी ते अनुक्रमे १८ आणि १९ वर आणले गेले. कोणत्या देशात जायचे हे तरुण स्वतः ठरवीत नाही. तसे पत्र येते आणि तो निघतो. खर्च त्याने किंवा त्याच्या कुटुंबाने सोसायचा असतो. अमेरिकेतील तरुणांसाठी दरमहा ४०० डॉलरची ठराविक रक्कम जुलै २०२० मध्ये ५०० झाली. परकी भाषा काही आठवड्यांत शिकायची. अंगात पांढरा सदरा, गळ्यात टाय, छातीवर काळी नामपट्टी. सकाळी साडेसहाला उठायचे, व्यायाम, न्याहारी, धर्मग्रंथाचे वाचन, मग सोबत्याबरोबर अभ्यास. आणि दहाच्या सुमारास रस्त्यावर. रात्री नऊ-साडेनऊला परत, साडेदहाला दिवे मालवायचे. २०१७ साली या वेळापत्रकात थोडी लवचीकता आली, परंतु साचा तोच राहिला. आठवड्यातील एक दिवस कपडे धुण्यासाठी, बाजारहाटासाठी आणि घरी पत्र लिहिण्यासाठी. फेब्रुवारी २०१९ पूर्वी घरी दूरध्वनी वर्षातून दोनदाच करता येई, नाताळाला आणि मातृदिनाला. चहा, कॉफी, मद्य आणि तंबाखू सर्वस्वी वर्ज्य. म्हणजे एखाद्या दयाळू घरधन्याने आत बोलावलेच, तर त्याने पुढे केलेल्या पेल्यालाही नकार द्यावा लागतो.

याखेरीज आणखी एक नियम आहे आणि कथाकाराच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रचारकाने कधीही एकटे राहायचे नाही. येशूने शिष्यांना दोघेदोघे करून पाठविले, त्या आधारावर प्रत्येकाला एक सोबती नेमून दिलेला असतो. तो निवडता येत नाही, आणि काही महिन्यांनी बदलतो. जेवण, अभ्यास, प्रवास, झोपेची खोली, सारे त्याच्याबरोबर. अठरा-एकोणीस वर्षांच्या या मुलांना 'एल्डर', म्हणजे 'वडील' अथवा 'ज्येष्ठ', असे संबोधिले जाते. त्या पदवीतील विसंगती या पाचही कृतींच्या कर्त्यांना ठाऊक असली पाहिजे. तिचा उपयोग मात्र प्रत्येकाने आपापल्या वकुबाप्रमाणे केला आहे.

अशा दिवसाची गोष्ट कशी करायची? कथेला घटना हवी असते आणि येथे घटना अशी की दार वाजविले, उत्तर नकारार्थी आले, पुढचे दार वाजविले. या एकसुरीपणातून सुटण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे नायकाला अशा ठिकाणी नेणे, की जेथे निसर्गच घटना पुरवील. मिच डेव्हिस दिग्दर्शित 'दि अदर साइड ऑफ हेवन' (२००१) या चित्रपटाने तो पत्करला. जॉन ग्रोबर्ग यांच्या आठवणींवर तो आधारलेला आहे. आयडाहोतील हा तरुण १९५० च्या दशकात पॅसिफिक महासागरातील टोंगा द्वीपसमूहाच्या निउआतोपुतापू या दूरच्या बेटावर जातो. टोंगन आणि इंग्रजी बायबल शेजारी ठेवून भाषा शिकतो. उंदीर त्याचे तळपाय कुरतडतात, वादळ बेटावरील सारे उद्ध्वस्त करते, उपासमार होते. घरी वाट पाहणाऱ्या तरुणीशी पत्रव्यवहार चालू असतो.

चित्रपट देखणा आहे आणि त्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. भाषा शिकण्याचा भाग तर मनापासून आवडावा असा. परंतु यातील बेटवासी हे नायकाच्या धैर्याची परीक्षा घेण्यासाठीच जणू तेथे राहत आहेत. ते प्रथम संशय घेतात, मग प्रेम करतात, शेवटी निरोप देतात. त्यांच्यावर मेथॉडिस्ट मिशनऱ्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वीच ख्रिस्ती संस्कार केलेले होते. नव्या प्रचारकाकडे पाहताना त्या जुन्या श्रद्धेच्या मनात काय चालले असेल, हा खरा नाट्यविषय होता. चित्रपट त्याला ओझरता स्पर्श करून वादळाकडे वळतो. आमच्या स्मरणिकांतील चरित्रलेखनाचा हा थेट भाऊबंद आहे. संकटे मोठी, नायक त्याहून मोठा, आणि ज्यांच्यासाठी हे सारे घडले ते लोक पार्श्वभूमीला.

दहा वर्षांनी, २०११ साली, न्यू यॉर्कच्या ब्रॉडवेवर 'दि बुक ऑफ मॉर्मन' हे संगीतनाट्य आले. ट्रे पार्कर, मॅट स्टोन आणि रॉबर्ट लोपेझ या तिघांनी ते रचिले, आणि त्याला टोनी पारितोषिकांपैकी नऊ मिळाली. त्याचा आरंभच दारावरील घंटांनी होतो. दोन तरुणांपैकी एकाला अमेरिकेतील ऑर्लँडो शहरी जाण्याची आस असते, आणि दोघांची नेमणूक होते युगांडात. तेथील गावात दारिद्र्य, एड्स आणि सशस्त्र टोळीचा अंमल. दुसरा, गबाळा तरुण, आपला धर्मग्रंथ न वाचताच विज्ञानपटांतील आणि अद्भुतकथांतील पात्रे मिसळून भलत्याच गोष्टी सांगतो, आणि लोक त्या ऐकू लागतात.

नाटकातील भाषा जागोजागी अश्लील आहे. हे पत्रिकेच्या वाचकांना आधीच सांगितलेले बरे. तरीही उपहास म्हणून ते निर्बुद्ध नाही. शेवटी कळते की गावकऱ्यांनी त्या गोष्टी शब्दशः घेतलेल्याच नव्हत्या. त्या रूपक आहेत हे ते जाणून होते. तेवढ्या क्षणापुरते दाराआडचे लोक दार ठोठावणाऱ्यांपेक्षा शहाणे ठरतात. परंतु तो क्षण येईपर्यंत दोन तासांहून अधिक काळ त्याच आफ्रिकन माणसांना हास्याचे साधन करून घेतलेले असते. प्रचारकांचे भाबडेपण लेखकांनी प्रेमाने रंगविले आहे. युगांडाच्या वाट्याला मात्र रोग, क्रौर्य आणि विनोद एवढेच आले. श्रद्धेची टिंगल करणारी ही कृती आणि श्रद्धेचा गौरव करणारा आधीचा चित्रपट, दोहोंची चूक एकच आहे, हे पाहून मौज वाटते. परका देश हा दोन्हींत अमेरिकन तरुणाच्या मनाची रंगभूमी आहे.

येथे त्या पंथाच्या वर्तनाचाही उल्लेख करणे न्याय्य होईल. बहिष्काराची हाक नाही, न्यायालयाची पायरी नाही. २०१२ साली लॉस एंजलिस येथे प्रयोग झाले तेव्हा नाटकाच्या कार्यक्रमपत्रिकेतच त्यांनी आपल्या ग्रंथाच्या जाहिराती दिल्या. नाटक पाहिलेत, आता ग्रंथही वाचा, असा त्यांचा सूर होता. धार्मिक भावना दुखावल्याचे निमित्त होताच रस्त्यावर उतरण्याची सवय जडलेल्या कोणत्याही समाजाने यावर विचार करावा.

'दि बेस्ट टू इयर्स' हा स्कॉट अँडरसन यांचा चित्रपट २००४ साली प्रदर्शित झाला. तो त्यांच्याच नाटकावरून केलेला आहे. नेदरलँड्समधील हार्लेम शहरात एका घरात राहणाऱ्या चार प्रचारकांची ही गोष्ट. येथे वादळ नाही, हुकूमशहा नाही. सायकली आहेत, डच भाषेतील फजिती आहे, घरून आलेली आणि न आलेली पत्रे आहेत. प्रेमभंगाने विझून गेलेला, कसेबसे दिवस ढकलणारा एक जुना प्रचारक आणि त्याच्या गळ्यात पडलेला एक नवखा, अतिउत्साही सोबती, या दोघांच्या संबंधावर चित्रपट उभा आहे. विझलेल्या माणसाला स्वतःच्या शब्दांवर पुन्हा विश्वास बसणे, एवढीच घटना. आमच्या मते पंथाच्या आतून आलेल्या चित्रपटांत हा अधिक प्रामाणिक आहे, कारण रिकामा दिवस त्याला भिववीत नाही.

आणि तरीही आमच्या कसोटीवर तो उतरत नाही. या चौघांना अखेर जो श्रोता भेटतो, तो हार्लेममध्ये राहणारा एक अमेरिकन आहे! ज्या देशात ते दोन वर्षे राहिले, ज्याची भाषा ते धडपडत शिकले, त्या देशातील माणसे चित्रपटात दार उघडतात आणि लावतात. डच माणूस नकार का देतो, त्याच्या नकारामागे कोणता इतिहास आहे, त्याच्या भिंतीवर कोणाची तसबीर आहे, हे जाणून घेण्याची उत्सुकता पटकथेला नाही.

ती उत्सुकता रायन मॅकिल्व्हेन यांच्या 'एल्डर्स' (२०१३) या कादंबरीत प्रथम भेटते. लेखक या पंथात वाढला, स्वतः प्रचारक होता, आणि पुढे पंथापासून दूर झाला. कादंबरी ब्राझीलमध्ये घडते. एल्डर मॅक्लिऑड हा तिखट जिभेचा, शंकेखोर अमेरिकन, दोन वर्षे संपत आलेला. त्याचा नवा सोबती एल्डर पासोस ब्राझीलचाच आहे. आईच्या अकाली मृत्यूनंतर त्याला या पंथात आधार सापडला आहे. तो धार्मिक आहे आणि महत्त्वाकांक्षीही. काळ इराकवरील अमेरिकन आक्रमणाचा, २००३ सालाचा. अमेरिकन माणूस म्हणून दारात उभे राहणे त्या दिवसांत आणखीच अवघड. बराच काळ दोघांचे श्रम निष्फळ जातात, आणि एक जोडपे त्यांचे ऐकू लागते तेव्हा दोघांतील सुप्त संघर्षाला तोंड फुटते.

या कादंबरीचे श्रेय असे की तिने परका देश दाराबाहेर ठेवला नाही. त्याला सोबती करून त्याच खोलीत झोपविले. एकाच पंथाचे, एकाच गणवेशातील दोन तरुण एकाच वाक्याचा अर्थ वेगळा लावतात. मॅक्लिऑडला श्रद्धा हे वारशाने आलेले ओझे आहे. पासोसला ती अंधारातून वर काढणारी दोरी आहे. शिवाय तीच दोरी त्याला अमेरिकेतील शिक्षणाकडेही नेऊ शकते, आणि हे तो जाणतो. श्रद्धा आणि लाभ यांची ही सरमिसळ लेखकाने निवाडा न देता दाखविली आहे. आमच्याकडे धर्मांतरितांवर 'पोटासाठी धर्म सोडला' हा आरोप पिढ्यान्‌पिढ्या होत आला, आणि त्याला उत्तर देताना आमच्या लेखकांनी सारे काही निखळ आध्यात्मिकच होते असे सांगितले. माणसाचे मन या दोन्ही टोकांच्या मधे असते. ते तेथे ठेवण्याचे धैर्य या कादंबरीत आहे. तिचे उणेपण असे, की सोबत्यांचे भांडण रंगविण्याच्या भरात ते ऐकणारे जोडपे हळूहळू त्या भांडणाचे कारण एवढेच उरते.

क्रेग हार्लाइन यांचे 'वे बिलो दि एंजल्स' (२०१४) हे आत्मकथन आम्ही मुद्दाम शेवटी ठेवले आहे. हार्लाइन व्यवसायाने इतिहासकार; मॉर्मन पंथाच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. १९७० च्या दशकात ते प्रचारक म्हणून बेल्जियमच्या डच बोलणाऱ्या भागात, म्हणजे फ्लँडर्समध्ये, गेले. जाताना स्वप्न मोठे होते. चमत्कार घडतील, लोकांच्या झुंडी येतील, आपण घरी वीर होऊन परतू. प्रत्यक्षात वाट्याला आले ते पाऊस, थंडी, एका वाक्यात संपणारी संभाषणे आणि सोबत्यांबरोबरचे क्षुल्लक तंटे.

पुस्तकात घडते एवढेच. परंतु हार्लाइन ते अशा मिस्कीलपणे सांगतात की दार लावणाऱ्याचा राग वाचकाला येत नाही आणि दार ठोठावणाऱ्याची कीवही येत नाही. वाक्ये लांबच लांब, गप्पिष्ट, मधेच वळण घेणारी. काही ठिकाणी हा पाल्हाळ कंटाळवाणा होतो, आणि स्वतःवर हसण्याची सवय कधीकधी गंभीर प्रश्नाला बगल देण्याच्या कामी येते, हे दोष मान्य केले पाहिजेत. तरीही पंथ न सोडता पंथाच्या आवडत्या कथेवर, म्हणजे 'आयुष्यातील सर्वांत सुंदर दोन वर्षे' या कथेवर, प्रश्नचिन्ह लावणे ही सोपी गोष्ट नव्हे. विजयाची कथा सांगण्याची सवय असलेल्या समाजात अपयशाची कथा सांगणाऱ्याला निष्ठा दुप्पट लागते.

कॅथलिक वाचकाला या पुस्तकात आणखी एक गोष्ट दिसेल. ज्या दारांवर हा तरुण उभा राहिला ती दारे कोणाची होती? फ्लँडर्स म्हणजे एकेकाळी जगाला धर्मप्रसारक पुरविणारी भूमी. १८४० साली ट्रेमेलो या खेड्यात जन्मलेले फादर डेमियन हवाईच्या मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने १८८९ साली गेले. छोटा नागपूरच्या आदिवासींच्या जमिनीसाठी झगडणारे फादर कॉन्स्टंट लीव्हन्स तेथलेच. १९३५ साली भारतात येऊन 'रामकथा' या विषयावर हिंदीत प्रबंध लिहिणारे आणि इंग्रजी-हिंदी कोश रचणारे फादर कामिल बुल्के हेही तेथलेच. ज्या घरांनी आपली मुले अशा दूरदेशी पाठविली, त्याच प्रदेशातील घरांच्या दारांत आता अमेरिकेतील एकोणीस-वीस वर्षांची मुले मोडक्या डच भाषेत, तुम्हाला खरा ख्रिस्त सांगायला आलो आहोत, असे म्हणत उभी होती. त्या काळी मिस्साला जाणाऱ्यांची संख्या त्या भागात घटू लागली होती. म्हणजे कित्येक दारांमागे श्रद्धेपेक्षा श्रद्धेची आठवणच अधिक होती. पाठविणाऱ्यांच्या अंगणात पाठविलेले येऊन उभे राहावेत, हा इतिहासाचा विलक्षण फेरा होय.

या फेऱ्याचा खरा अर्थ हार्लाइन यांच्या आत्मकथनात जेवढा उमगतो त्याहून अधिक त्यांच्या इतर ग्रंथांत उमगतो. फ्लँडर्सला मॉर्मन करायला गेलेला हा तरुण पुढे आयुष्यभर फ्लँडर्सच्या कॅथलिक भूतकाळाचा अभ्यासक झाला! 'दि बर्डन्स ऑफ सिस्टर मार्गरेट' (१९९४) या ग्रंथात त्यांनी सतराव्या शतकातील लूव्हेन येथील एका मठात एकाकी पडलेल्या धर्मभगिनीची कहाणी पत्रांच्या आधारे उभी केली. एडी पुट यांच्या सहकार्याने लिहिलेल्या 'ए बिशप्स टेल' (२०००) मध्ये मेखेलेनचे आर्चबिशप मॅथियास होव्हियस यांचे दैनंदिन आयुष्य मांडले. मठातील कुरबुरी, धर्मगुरूंची भांडणे, गावकऱ्यांचा हट्ट, यात्रा, देवस्थाने हे सारे त्यांनी परक्याच्या कुत्सितपणाशिवाय आणि घरच्याच्या भाबडेपणाशिवाय लिहिले. दोन वर्षे जी दारे त्याच्यासाठी उघडली नाहीत, ती त्याने पुढे अभिलेखागारातून उघडली आणि आत शांतपणे बसून ऐकले. एक सांगायला गेला होता, ऐकणारा होऊन राहिला. धर्मप्रसारकाच्या वाङ्मयाचा परिपाक आमच्या मते येथे आहे.

ऐकण्याला वेळ लागतो, आणि दोन वर्षांच्या व्यवस्थेतील मूळ उणीव हीच असावी. जीभ वळू लागते तोवर परतीचे तिकीट हाती येते. १५७९ साली गोव्यात उतरलेले फादर थॉमस स्टीफन्स तेथेच सुमारे चाळीस वर्षे राहिले, आणि १६१६ साली छापलेले त्यांचे 'क्रिस्तपुराण' मराठीच्या लावण्याने मोहरले. त्या काळातील सत्तेचे आणि सक्तीचे प्रश्न निराळे आहेत आणि ते विसरता येत नाहीत. पण ओवी त्यांना त्या भूमीवर ऐकून ऐकूनच साधली, हेही तितकेच खरे. मॉर्मनांचा आणि आपल्या प्रदेशाचा जुना संबंध मात्र अल्पजीवी ठरला. १८५२ साली ह्यू फिंडले हे त्यांचे प्रचारक मुंबईत आले, पुण्यातही राहिले. लहानशी मंडळी जमली, आणि त्या दशकाच्या मध्यास ते सारे आवरले. मराठी वाङ्मयावर त्याची खूण उरली नाही.

मराठीत या विषयाची सर्वोत्तम कृती मात्र आहेच, आणि ती दाराच्या आतून लिहिलेली आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागश: प्रसिद्ध झाली. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा मागे राहिलेल्या पत्नीवर काय गुदरले, आणि पाच वर्षांनी ती स्वतः त्या वाटेने कशी गेली, हे त्यांत आले आहे. त्यात कोणाला खलनायक केलेले नाही. सोवळ्याओवळ्याच्या खटाटोपांवर, नवऱ्याच्या लहरींवर आणि सर्वाधिक स्वतःवर त्या हसतात. हार्लाइन यांच्या विनोदाची जातकुळी हीच. फरक असा की लक्ष्मीबाईंना एकही वाक्य लांबवावे लागत नाही. वर उल्लेखिलेल्या पाचही अमेरिकन कृतींत जे नाही ते येथे आहे. सुवार्ता ज्याच्या घरावर येऊन आदळली त्या माणसाचा स्वतःचा आवाज. टोंगाच्या बेटावरील एखाद्या लक्ष्मीबाईने, फ्लँडर्समधील एखाद्या गृहिणीने आपली बाजू लिहिली, तरच हे वाङ्मय पूर्ण होईल.

प्रश्न आमच्याही दाराशी आहे. वसईत, मुंबईच्या उपनगरांत, गोव्यात कॅथलिक घरांची घंटा वाजवून आपापल्या पंथाची पुस्तिका पुढे करणारे लोक येत असतात. त्यांना उत्तर कसे द्यावे याविषयी आमच्या धर्मग्रामांतून सूचना होतात, आणि श्रद्धेत पक्के राहण्यासाठी त्या आवश्यकही आहेत. परंतु येणारा कोण आहे, सकाळपासून त्याने किती नकार ऐकले, घरी कोण त्याच्या पत्राची वाट पाहत आहे, याचा विचार करण्यास कोणत्याही सिद्धान्ताची आडकाठी नाही. प्रकटीकरणाच्या पुस्तकात ख्रिस्त स्वतःच दाराबाहेर उभा राहून ठोठावीत असल्याचे चित्र आहे, हे दार लावणाऱ्यानेही आणि वाजविणाऱ्यानेही आठवावे. त्याचप्रमाणे आमच्या संस्थांतून निघणाऱ्या चरित्रांच्या संपादकांना आमची विनंती आहे की त्यांनी आकड्यांच्या जोडीला धर्मगुरूंची आणि धर्मभगिनींची घरी लिहिलेली पत्रे मिळवावीत, त्यांच्या स्वयंपाक्याला, शेजाऱ्याला, त्यांचे म्हणणे न पटलेल्या माणसालाही बोलते करावे. त्याने त्यांचे संतपण उणावणार नाही.

मोलोकाईचाच एक दाखला देऊन हा परामर्श पुरा करतो. १८७३ साली फादर डेमियन त्या वसाहतीत गेले. त्याच वर्षी जोनाथन नापेला हे हवाईचे एक मॉर्मन गृहस्थ तेथे आले. 'मॉर्मनच्या ग्रंथा'चे हवाईच्या भाषेत रूपांतर करताना ज्यांचे साहाय्य झाले तेच हे. पत्नीला कुष्ठरोग झाला म्हणून धडधाकट असूनही त्यांनी तिच्याबरोबर राहणे पत्करले. पुढे त्यांनाही तो रोग जडला आणि १८७९ साली त्यांचा अंत झाला. डेमियन आपल्या लोकांची सेवा करीत होते, नापेला आपल्या मंडळीची. दोघांची शिकवण एकमेकांस मान्य होण्याजोगी नव्हती, आणि दोघांत स्नेह होता. तेथे ठोठावण्यासाठी फारशी दारे नव्हती. जखमा बांधायच्या होत्या आणि मृतांना माती द्यायची होती. या दोघांच्या शेजारावर कोणी कादंबरी लिहिली, तर ती आम्ही या पाचही कृतींच्या आधी वाचू.